मॅट्रिक्सवर घरचे स्टिकर, निक्सओएसच्या भरवशावर

फोंड्यातल्या आमच्या हौशी नाटकमंडळीचा ग्रुप मॅट्रिक्सवर (स्वतःचा सर्व्हर चालवता येणारी खुली चॅट-व्यवस्था) आहे, सर्व्हर घरच्याच जुन्या संगणकावर. त्यावर निक्सओएस, म्हणजे सगळी मांडणी फायलींत लिहून उभी करायची लिनक्स. पावसाळ्याआधी ग्रुपमध्ये स्वतःचे स्टिकर बसवले: ‘तालीम सातला’, ‘प्रॉम्प्टर खंय?’, आणि अर्थात ‘देव बरें करूं’. चवथ होऊन गेली, आता जत्रांची नाटकं तोंडावर आलीत. मत द्यायला एवढा वापर पुरे.

वापरलंय ते मॉनियम स्टिकरपिकर हे चॅटमध्ये स्टिकर निवडायचं साधन. चित्रं सर्व्हरवर चढतात, प्रत्येकाला ‘एमएक्ससी’ने सुरू होणारा पत्ता मिळतो, पत्ते एका जेसन फाइलीत (साध्या मजकुरातली यादी) जातात. बाकी सगळं स्थिर वेबपान. निक्सओएसमध्ये चित्रं, बिल्डचे (स्टिकर आपोआप तयार करण्याचे) नियम आणि एनजिनएक्स या वेबसर्व्हरची नोंद एकाच गिट रेपोत (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या फोल्डरात) राहतात. रीबिल्ड केलं की सगळ्यांना नवा संच, बिघडलं तर मागच्या जनरेशनवर, म्हणजे आधीच्या मांडणीवर, परत. व्हॉट्सॲपवर ज्याचा त्याचा संच वेगळा. ती कटकट इथे नाही.

मजकूरही बिल्डमध्येच छापायचा ठरवलं, तिथे देवनागरीने घाम काढला. निक्सच्या सँडबॉक्सला (बिल्ड चालतो ती बंद खोली) सिस्टिमचे फाँट दिसत नाहीत, त्यामुळे अक्षरांऐवजी चौकटी. निक्सच्या ‘मेकफाँट्सकाँफ’ने नोटो फाँट पुरवला. रॅक्म या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीशिवाय बांधलेला इमेजमॅजिक (चित्रं घडवणारं साधन) ‘प्रॉम्प्टर’ची जोडाक्षरं सुटी करतो, म्हणून मजकूर जोडाक्षरं नीट जुळवणाऱ्या पँगो-व्ह्यूने काढून चित्रावर चढवतो. इंग्रजी स्टिकर करणाऱ्याला जोडाक्षरांची ही कटकट नसते.

खरी गोची अपलोडची. बिल्डला नेटवर्क नसतं, आणि निक्स स्टोअर (बिल्डमधून निघालेलं साठतं ते फोल्डर) मशीनवरच्या कुणालाही वाचता येतं, म्हणून टोकन (खात्याची गुप्त किल्ली) तिथे ठेवायचं नसतं. अपलोड हाताने करायचा, तयार जेसन गिटमध्ये टाकायची. ‘स्टिकर-पॅक’ हे साधन चित्राचा शा-२५६ हॅश (बोटाच्या ठशासारखा आकडा) पाहून तेच चित्र पुन्हा चढवत नाही, हे छान. पण फाँटची आवृत्ती बदलून एखादा पिक्सेल हलला की हॅश नवा, आणि सगळा संच पुन्हा सर्व्हरवर! त्यामुळे स्टिकरांचं फ्लेक-लॉक (आवृत्त्या गोठवणारी फाइल) सिस्टिमपासून वेगळं ठेवलंय. बॅकअपही वेगळाच हवा: कॉन्फिगवरून मशीन पुन्हा उभं राहील, सर्व्हरचा मीडिया आणि डेटाबेस परत येणार नाही.

निक्स आधीपासून वापरत असाल तरच या भानगडीत पडा. नुसत्या स्टिकरांसाठी ते शिकणं म्हणजे पावासाठी बेकरी काढणं. शिवाय प्रत्येक खात्यात डेव्हटूल्स (ॲपमधली तांत्रिक खिडकी) उघडून पिकरचं विजेट घालावं लागतं. ते काम मंडळीतल्या ज्येष्ठांचे फोन मागून मीच केलं. एलिमेंट एक्स या मॅट्रिक्सच्या नव्या ॲपवर पिकर नाहीच, म्हणून काही जण अजून जुनंच ॲप धरून आहेत.