भारताचे संरक्षण सचिव की अमेरिकी नौदल खात्याचे सहायक सचिव: लघुप्रबंधासाठी कोणते पद निवडावे?

लष्करी खात्यातील वरिष्ठ मुलकी पदाचा इतिहास लघुप्रबंधासाठी घेणाऱ्याने आधी हे ठरवावे, की आपल्याला माणसांचा माग काढायचा आहे की अधिकारांचा.

माणसांचा माग काढायचा असेल, तर अमेरिकी नौदल खात्याचे सहायक सचिवपद सोयीचे आहे. यादवी युद्धात, १८६१ साली ते निर्माण झाले, युद्धानंतर बंद पडले आणि १८९० मध्ये पुन्हा सुरू झाले. २५ फेब्रुवारी १८९८ रोजी नौदलमंत्री जॉन लाँग कार्यालयात नसताना सहायक सचिव थिओडोर रूझवेल्ट यांनी कमोडोर ड्यूई यांना तार करून जहाजे हाँगकाँगला एकत्र करण्याचा आणि कोळसा भरून ठेवण्याचा आदेश दिला. स्पेनशी युद्ध पेटल्यावर १ मे रोजी ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडवला. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही १९१३ ते १९२० हे पद सांभाळले. १९४० मध्ये त्याच्या वर आणखी एक मुलकी पद आले.

माझा कौल मात्र भारतीय पदाला आहे, कारण तेथे अधिकारांचा मूळ प्रश्न, म्हणजे सेनाधिकाऱ्यांच्या प्रस्तावांची छाननी कोणी करावी हा, अजून जिवंत आहे. कंपनी सरकारने १७७६ मध्ये कलकत्त्यात लष्करी खाते काढले ते सैन्याविषयीचे हुकूम छाननी करून नोंदवण्यासाठी. व्हाइसरॉय कर्झन आणि सरसेनापती किचनेर यांचा वाद मुलकी विरुद्ध लष्करी असा सरधोपट मांडला जातो, पण कर्झन ज्या लष्करी सदस्याची (व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील लष्करी खात्याच्या प्रमुखाची) बाजू घेत होते तोही सेनाधिकारीच होता. तेव्हा खरा वाद सरसेनापतीच्या प्रस्तावांची स्वतंत्र छाननी कोणी करावी, हा होता. १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला आणि १९०६ मध्ये जुने खाते विभागले गेले. स्वातंत्र्यानंतर एच. एम. पटेल यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्याने संरक्षण सचिवपद सांभाळले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६५ च्या युद्धकाळात, त्यावर पी. व्ही. आर. राव होते. जानेवारी २०२० मध्ये जनरल बिपिन रावत संरक्षण दलप्रमुख झाले आणि नव्या लष्करी व्यवहार विभागाचे सचिवपदही त्यांच्याकडे आले, म्हणजे मंत्रालयात गणवेशातील सचिव बसला. तरीही संरक्षण धोरणाची जबाबदारी संरक्षण सचिवांच्या विभागाकडेच राहिली.

अवघे एक वर्ष हाती असेल, तर १९०५ ते १९४७ एवढाच कालखंड घ्यावा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील लष्करी खात्याच्या कागदपत्रांपासून सुरुवात करावी.