स्टँडिंगच्या तिकिटावर सीट नंबर दिसला तर तिथेच थांबा

42,250 रुपये गेले. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर 19 जानेवारी 2025 ला झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या शोची दोन स्टँडिंग तिकिटं. मूळ किंमत प्रत्येकी 6,450, तिकिटं परत विकणाऱ्याशी सौदा ठरला प्रत्येकी 19,000 ला. टोकन 15,000, मग उरलेले 23,000, आणि शो तोंडावर आल्यावर रिस्टबँडची (शोमध्ये मनगटावर चमकणाऱ्या पट्टीची) ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून 4,250. गेटवर क्यूआर चाललाच नाही.

हावरटपणा केला म्हणून फसले, असं कृपा करून कुणी म्हणू नये. 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी 12 वाजता विक्री उघडली तेव्हा एक कोटीहून जास्त लोक ऑनलाइन रांगेत होते. सरळ मार्गाने तिकीट मिळणार तरी कसं? नंतर परदेशी रीसेल साइटवर हीच तिकिटं लाखांत दिसत होती. त्यापुढे 19,000 हा भाव रास्त वाटतो, आणि ठग नेमका तसाच भाव लावतो. फार स्वस्त दिलं तर संशय येतो, लाख मागितले तर गिऱ्हाईक पळतं.

खूण तिकिटाच्या पीडीएफवरच होती, याची चीड जात नाही. वर ‘स्टँडिंग’, खाली रो एन, सीट 14 आणि 15. स्टँडिंगला सीट नसतेच! मैदानात उभं राहायचं, आधी पोचेल तो पुढे. कुठल्यातरी गॅलरीच्या तिकिटावरची वरची ओळ बदलली होती, खालची तशीच राहिली होती. आठवडेच्या आठवडे ते तिकीट फोनमध्ये होतं. पण तिकीट उघडलं की माणूस तारीख बघतो, क्यूआर बघतो. पहिल्यांदा स्टेडियमच्या शोला निघालेल्याला हा फरक सांगणार कोण?

पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव वाचा. बोलणारा एक, खातं कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं, आणि उत्तर तयार: मामाचं दुकान आहे. तिथेच व्यवहार सोडा. रिस्टबँडला तर अनामत नव्हतीच. या टूरमध्ये ते आत जाताना फुकट देत होते आणि बाहेर पडताना परत घेत होते.

तिकीट खरं असलं तरी सुटका नाही. एकच पीडीएफ पाच जणांना विकता येते. पहिला स्कॅन होतो तो आत, बाकीचे चार बाहेर. स्क्रीनशॉट कधीच घेऊ नका. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर ॲप उघडून बुकिंग दाखवायला सांगा. ॲपमधूनच तिकीट तुमच्या नावावर होत असेल तर घ्या, नाहीतर नको.

आता तक्रारीचं. जवळच्या पोलीस ठाण्यात सांगतात, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, तुमच्या हद्दीत द्या. ‘रक्कम लहान आहे’ हे तोंडावर ऐकवतात. ज्याचा महिन्याचा पगार गेला त्याला ही रक्कम लहान? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचं ग्राहकाला वाचवणारं 2017 चं परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारापुरतं; फसवून संमती घेतली तर ते उपयोगाचं नाही. आयोजकांचं एकच वाक्य: अधिकृत विक्रीबाहेरच्या तिकिटाला आम्ही जबाबदार नाही. तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने त्याच जानेवारीत फेटाळली, कायदा करणं विधिमंडळाचं काम म्हणून. म्हणजे दाद मागायची कुणाकडे?

तरीही 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, आणि तो पहिल्या तासाभरात. पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवायला काही उरत नाही. यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. गप्पांचं चॅट पुसू नका, आधी एक्स्पोर्ट करा. ठाण्यातून लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असा मेसेज आला तर ती दुसरी लूट आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

42,250 पैकी 3,100 रुपये एका खात्यात गोठले आहेत. ते सोडवायलाही न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले.