बाराशे वॅटचे लेबल, चारशे साठ वॅटचा डबा

इचलकरंजीत माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि या धंद्यात मला बावीस वर्षे झाली. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, ज्या दोन लबाड्यांनी मी फसलो त्या दोन्ही माझ्या धंद्यात रोज पाहायला मिळतात: दोन हॉर्सपॉवरच्या मोटारीवर तीनची नेमप्लेट मारणे आणि तांब्याच्या भावात ॲल्युमिनियमची तार खपवणे. गिऱ्हाइकाने मोटार टेबलावर ठेवली की नेमप्लेटकडे न बघता मी आधी स्टॅम्पिंगची, म्हणजे आतल्या पत्र्यांच्या गठ्ठ्याची, लांबी मोजतो. सर्व्हरचे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांचे, पॉवर सप्लाय विकत घेताना मात्र मी लेबल वाचले आणि पैसे पाठवून मोकळा झालो.

एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लागले आणि यंत्रमाग थांबले. माग चालत नाहीत तेव्हा मोटारी जळत नाहीत, आणि मोटारी जळल्या नाहीत तर मला काम नाही. पुण्यात संगणकशास्त्र शिकणारा माझा भाचा तेव्हा घरी आला होता. इथेरियम या आभासी चलनाचा भाव त्या मे महिन्यात चार हजार डॉलरच्या वर गेला आणि त्याने माझ्यामागे धोशा लावला. “मामा, तुमच्याकडे थ्री फेज आहे, अर्थिंग चांगलं आहे, तुम्ही फक्त सांगाडा आणि वीज बघा, बाकीचं मी बघतो,” असे त्याचे म्हणणे होते. आम्ही दोघांनी मिळून एएमडीची आरएक्स ५८० जातीची बारा जुनी ग्राफिक्स कार्डे जमवली. या कार्डाचा खप कागदावर १८५ वॅट असतो, पण मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांवर सतत गणिते चालवून ते चलन मिळवण्यासाठी, व्होल्टेज उतरवून ते सव्वाशे वॅटच्या आसपास आणता येते. सहा कार्डांचा एक सांगाडा धरला तर मदरबोर्ड आणि पंख्यांसह तो साधारण आठशे वॅट घेणार, असा आमचा हिशेब होता आणि तो बरोबरही होता.

एवढ्या शक्तीचा संगणकाचा नवा पॉवर सप्लाय त्या दिवसांत एक तर मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. म्हणून मायनिंग करणारे बहुतेक जण सर्व्हरमधून निघालेले सप्लाय वापरत होते आणि त्यात गैर काहीच नाही. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सर्व्हर बदलतात, बहुतेक सर्व्हरमध्ये एक बिघडला तर दुसरा चालावा म्हणून दोन सप्लाय असतात, आणि ते भंगारात येतात तेव्हाही त्यांचे पुष्कळ आयुष्य शिल्लक असते. ते फक्त बारा व्होल्ट देतात, पण ग्राफिक्स कार्डाला बाहेरून लागतात तेही बाराच, आणि मदरबोर्डासाठी बारा व्होल्टवरून बाकीचे व्होल्टेज तयार करणारी काडेपेटीएवढी पट्टी मिळते. प्लॅटिनम दर्जाचा सर्व्हर सप्लाय २३० व्होल्टवर आणि निम्म्या लोडवर ९४ टक्के कार्यक्षमतेने चालतो. सप्लायच्या मागच्या कडेला ब्रेकआउट बोर्ड खोचायचा, त्यावर सहा-सहा पिनांचे दहा-बारा सॉकेट असतात, त्यांतून कार्डांना आणि रायझरना (कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या पट्ट्यांना) तारा न्यायच्या, की काम झाले.

खोच आहे ती एचपी या संगणक कंपनीच्या सप्लायमध्ये, आणि ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. प्रोलायंट सर्व्हरसाठी या कंपनीने ‘कॉमन स्लॉट’ नावाचा एकच साचा ठरवला आणि त्याच मापाच्या डब्यात ४६० वॅट, ७५० वॅट आणि १२०० वॅट असे वेगवेगळे सप्लाय काढले. हेतू चांगला होता, कारण कोणत्याही सर्व्हरमध्ये गरजेनुसार कोणताही सप्लाय बसावा. लांबी तीच, मागची कड तीच आणि ब्रेकआउट बोर्डही तिघांना तोच बसतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक सांगणारी वस्तू एकच, ती म्हणजे लेबल. पहिल्यावर बारा व्होल्टपुढे ३८.३ ॲम्पिअर असतात, दुसऱ्यावर ६२.५ आणि तिसऱ्यावर १००. भंगारात पहिल्या दोन जातींचा माल मुबलक आणि स्वस्त असतो. तिसऱ्या जातीला मायनिंगवाल्यांनी भाव आणला होता. पुढचे कोणीही ओळखेल.

मुंबईतील एका व्यापाऱ्याने मायनिंगच्या एका समूहात चार सप्लायचा लॉट टाकला होता. बाराशे वॅट, प्लॅटिनम, ब्रेकआउट बोर्ड आणि तारांसह प्रत्येकी ५,५०० रुपये, लॉट फोडणार नाही, बिल हवे असेल तर कर वेगळा. आम्ही बिल नको म्हटले. पुढे पश्चात्ताप झाला तो याच वाक्याचा. पैसे भरण्याआधी भाच्याने चाचणीचा व्हिडिओ मागितला आणि व्यापाऱ्याने तो लगेच पाठवला. त्यात चारही सप्लाय एकापाठोपाठ सुरू होत होते, त्यांचे छोटे पंखे किंचाळत होते आणि ब्रेकआउट बोर्डावरच्या लाल आकड्यांत १२.२ असे झळकत होते. आम्ही दोघांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि समाधानाने २२,००० रुपये पाठवले. काहीच न जोडलेला ४६० वॅटचा सप्लायही १२.२ व्होल्टच दाखवतो, हे मला सुचायला हवे होते. हवेत फिरणारी मोटार बघून तिची ताकद ठरवणाऱ्याला मी दुकानात हसतो.

सांगाडा मी स्वतः केला, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. स्लॉटेड अँगल कापून दोन मजली चौकट जोडली, कार्डे ठेवण्याच्या पट्ट्यांवर बेकलाइट लावले आणि सप्लायची गरम हवा भिंतीकडे न जाता खिडकीकडे जावी म्हणून ते खालच्या मजल्यावर आडवे बसवले. आमच्या गावात हवेतच सुताचे तूस असते, म्हणून पुढे बारीक जाळीही ठोकली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पंचाने नंबर ठोकण्याची मला सवय आहे, कारण गिऱ्हाइकांच्या मोटारी एकमेकांत मिसळतात. त्या सवयीने चारही सप्लायवर पंख्याच्या जाळीशेजारी ४१५ ते ४१८ असे नंबर घातले.

पहिला सांगाडा ४१७ नंबरच्या सप्लायवर सुरू केला आणि मायनिंगचा प्रोग्राम कार्डांवर लोड टाकताच सगळे बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. ४१८ लावला तरी तीच गत. व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि आमच्या चुका मोजून दाखवल्या: कार्ड आणि त्याचा रायझर एकाच सप्लायवर हवेत, अर्थिंग समाईक हवे, आमच्या भागात व्होल्टेज खाली-वर होत असेल. यातले पहिले दोन नियम खरे आहेत आणि आम्ही ते पाळलेही होते, पण खऱ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाबद्दल संशय येत नाही. शेवटी त्याने निदान केले की, जुन्या ब्रेकआउट बोर्डांत दोष आहे, सुधारलेले नवे बोर्ड आले आहेत, प्रत्येकी १,२०० रुपये. आम्ही चार मागवले. म्हणजे त्याच फसवणुकीचे आम्ही आणखी ४,८०० रुपये भरले, तेही आभार मानून.

नव्या बोर्डांवर ४१५ आणि ४१६ लावले तेव्हा ते चालले, आणि तिथेच आमचा घात झाला. दोन चालतात, दोन चालत नाहीत, तेव्हा दोन बिघडलेले असावेत अशी आम्ही समजूत करून घेतली. चालणारे दोघे रात्रभर बिनबोभाट चालत आणि दुपारी पत्रा तापला की केव्हातरी बंद पडत. अशा एका दुपारी, बंद-चालू होण्याच्या धक्क्यात, एक कार्ड कायमचे गेले. त्याच सुमारास मला एक वास आला. वार्निश जळल्याचा वास मी झोपेतही ओळखतो, पण हा तो नव्हता. हा प्लास्टिकचा, गोडसर वास होता. एका रायझरच्या सहा पिनांच्या कनेक्टरला हात लावला तर चटका बसला. तो बाहेर ओढला तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा चहासारखा तपकिरी झाला होता आणि एक पिन आत वितळून तिरकी रुतली होती.

तार कापून तिची साल काढली. बाहेरून जाडजूड दिसणाऱ्या तारेत इन्सुलेशनच निम्मे होते आणि आतल्या धाग्यांचा रंग तांब्याचा होता. ब्लेडने एक धागा खरवडला तर खालून पांढरा निघाला: तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. खात्रीसाठी दुसरा धागा लायटरवर धरला. तांबे नुसते लाल होते, हा मात्र वाकून गळून पडला. कार्डे चालू असताना बोर्डापाशी १२.२ आणि कार्डापाशी ११.६ व्होल्ट मिळत होते. अर्ध्या व्होल्टहून जास्त घट एवढ्याशा तारेत होत होती, म्हणजे ती उष्णता कनेक्टरमध्ये साठत होती. तारेवर मात्र छापील अक्षरांत १८ गेज लिहिले होते.

त्या संध्याकाळी मी सप्लायवरच्या लेबलावरही विश्वास ठेवायचे सोडले. मोटारीच्या हेडलाइटचे १०० वॅटचे बारा हॅलोजन बल्ब एका गॅरेजवाल्याकडून आणले, एका लाकडी फळीवर बसवले आणि प्रत्येकाला वेगळे बटण दिले. बल्ब एकेक करूनच लावावे लागतात, कारण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि सगळे एकदम लावले तर चांगला सप्लायही बंद पडेल. माझा क्लॅम्प मीटर एसीचा, तो या तारांवर शून्यच दाखवणार, म्हणून सोलरचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून डीसीचा आणला. एक बल्ब म्हणजे आठ-सव्वाआठ ॲम्पिअर. ४१७ ने चार बल्ब सहज उचलले, पाचव्याला पंख्याचा सूर चढला आणि सहाव्याचे बटण दाबताच दुकानात अंधार झाला. ४१८ चेही अगदी तसेच. ४१५ आणि ४१६ यांनी आठ बल्ब वीस मिनिटे धरले आणि मग बंद पडले. बाराशे वॅटच्या सप्लायने बाराही बल्ब धरायला हवे होते. भाचा शेजारी वहीत आकडे लिहीत होता, शेवटी त्याने वही मिटली आणि म्हणाला, “मामा, दोन चारशे साठचे आणि दोन साडेसातशेचे.”

हॉट एअर गनने ४१७ चे लेबल हलके गरम करून उचलले तेव्हा त्याखाली जुन्या लेबलाच्या गोंदाचा चौकोन निघाला, नव्यापेक्षा बोटभर खाली. डबा उघडून आतल्या पट्टीवरचा सुट्या भागाचा क्रमांक वाचला तर तो ४६० वॅटच्या सप्लायचाच होता. (ही शेवटची गोष्ट कोणी घरी करू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. बल्बांची फळी पुरेशी आहे.)

बल्बांच्या चाचणीचा व्हिडिओ व्यापाऱ्याला पाठवला. त्याने वाद घातला नाही. बंद पडणारे दोन सप्लाय परत पाठवा, बदलून देतो, असे म्हणाला, आणि आम्ही कुरिअरचा खर्च स्वतः करून ४१७ आणि ४१८ त्याला पाठवले. ते पोचल्याचा निरोप आला. त्यानंतर फोन उचलला गेला नाही. सायबर तक्रारीचा क्रमांक तेव्हा १५५२६० होता, आता तो १९३० आहे. तिथे तक्रार नोंदली, पण माल मिळाला आहे आणि तो कमी प्रतीचा आहे एवढेच आमचे म्हणणे असल्याने हा प्रश्न गुन्ह्याचा न ठरता देवाणघेवाणीचा ठरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते हे खरे, परंतु व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला ते संरक्षण मिळत नाही, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठीचा अपवाद सिद्ध करायचा तर आधी खरेदीचा पुरावा दाखवावा लागतो. बिल नको म्हणणारे आम्हीच होतो.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग एका दिवसात संपले. तरीही हे आज लिहितो आहे, कारण मायनिंग संपले म्हणून ते डबे कोणी फेकून दिलेले नाहीत. बॅटरी चार्ज करणारे, गाडीचे ॲम्प्लिफायर घरात वाजवणारे, एलईडीच्या पाट्या करणारे असे पुष्कळ जण आता तेच सप्लाय विकत घेतात, आणि व्हिडिओत तेच लाल आकडे झळकत असतात. गेल्या महिन्यात एका समूहात ‘बाराशे वॅट, प्लॅटिनम, चाचणी केलेले’ अशी जाहिरात आली. फोटो मोठा करून पाहिला तर पंख्याच्या जाळीशेजारी माझ्या पंचाचे अक्षर होते. मी खाली एवढेच लिहिले की, हे दोन्ही सप्लाय ४६० वॅटचे आहेत आणि त्यांच्यावरचा नंबर माझ्या हातचा आहे. पाच मिनिटांत ती ओळ गेली आणि मलाही समूहातून काढण्यात आले. कोणाच्या हाती ते डबे पडले तर पंख्याच्या बाजूला डावीकडे बघावे: ४१७ आणि ४१८, आणि सात थोडा तिरका आहे.