वांगणीची आकाशदर्शन नाइट: दुर्बिणीला पाच स्टार, जेवणाला दोन

आयोजकांचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी कुरकुर आहे, पण वांगणीला ओव्हरनाइट आकाशदर्शनाला जायचा विचार असेल तर फेब्रुवारी-मार्चची अमावस्या गाठा, तेव्हा कर्क रास रात्री मस्त डोक्यावर असते. मृगातला तेजोमेघ काय सगळेच दाखवतात, इथे आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीतून कर्क राशीतला एम 67 हा तारकागुच्छ दाखवला आणि तोसुद्धा "चला पुढे, चला पुढे" न करता.

हा खुला तारकागुच्छ चांगलाच म्हातारा आहे, वय साधारण 4 अब्ज वर्षं. सगळे तारे एकाच वेळी जन्मलेले, त्यामुळे त्यातले वजनदार निळे तारे इंधन भराभर जाळून कधीच संपलेले असायला हवेत. तरी कडेला एफ 81 नावाचा तारा दिसतो, दहाव्या प्रतीचा (म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा), निळसर पांढरा. फोटोतल्यासारखा निळाशार नाही हां, बाजूच्या पिवळट ताऱ्यांशी ताडून बघितलं की फरक कळतो. असल्या ताऱ्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात, अ‍ॅलन सँडेज या खगोलशास्त्रज्ञाला ते 1953 मध्ये एम 3 या बंदिस्त (म्हणजे ताऱ्यांनी गच्च भरलेल्या गोलाकार) गुच्छात पहिल्यांदा सापडले.

आता कुरकुर. माहिती देणारा दादा उत्साही, पण "दोन तारे आपटतात आणि नवा निळा तारा तयार होतो" हेच परत परत, आणि पब्लिक वॉव वॉव करतंय. अहो, टकरी होतात त्या मुख्यतः एम 30 सारख्या बंदिस्त गुच्छांच्या गाभ्यात, जिथे ताऱ्यांची खच्चून गर्दी असते. एम 67 सारख्या विरळ गुच्छात जोडताऱ्यांचा मामला जास्त, म्हणजे एक तारा म्हातारपणी फुगतो, शेजारी त्याचा हायड्रोजन ओढून घेतो, वजन वाढलं की जास्त तापतो आणि निळा दिसायला लागतो, ज्याला लुटलं त्याचा नुसता गाभा उरतो, श्वेत बटू. आणि कमाल म्हणजे आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने याच एम 67 मधल्या एका ब्लू स्ट्रॅगलरशेजारी असा श्वेत बटू पकडलाय, 2019 मध्ये रिसर्च पेपर आला होता. भारतीय उपग्रह, तोच गुच्छ, आणि त्याचा उल्लेखसुद्धा नाही, हे काय पटलं नाही.

खिचडी रात्री उशिरा आली, तीपण गार. डबा घरून न्या, टॉर्चला लाल जिलेटीन लावा, आणि मोबाइलचा फ्लॅश मारणाऱ्या काकांपासून लांबची चटई पकडा. बाकी पैसे वसूल.