खाऱ्या पाण्यातील आजारी माशांसाठी क्वारंटाइन टाकी: बडोद्यातील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

समुद्री मासे पाळणाऱ्यांमध्ये क्वारंटाइन टाकीचा, म्हणजे नवे व आजारी मासे वेगळे ठेवण्याच्या टाकीचा, विषय निघाला की बोलणे लगेच औषधावर येते. कोणते औषध, किती मिली, किती दिवस, एवढे ठरले की विषय संपला असे समजले जाते. बडोद्यात उन्हाळ्याच्या तोंडावर मी अशी टाकी उभी केली आणि उन्हाळा, पावसाळा व थंडीची सुरुवात अशा तिन्ही काळांत नवे आणि आजारी मासे तिच्यात ठेवून पाहिले. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की औषध निवडणे हा या कामातला सोपा भाग आहे. ते औषध पाण्यात ठरलेल्या पातळीवर महिनाभर अखंड टिकवणे हे खरे काम आहे, आणि या टाकीतली प्रत्येक वस्तू त्या कामाला उपयोगी पडते की आड येते, यावरूनच तिची पारख करावी.

माझी टाकी १०० लिटरची आहे. तळ उघडा, म्हणजे वाळू नाही आणि दगडही नाहीत. आत एक स्पंज फिल्टर, एक हीटर, पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप आणि माशांना लपण्यासाठी नळकामाच्या दुकानातून आणलेले पीव्हीसीचे एल्बो व पाइपचे तुकडे एवढेच सामान आहे. मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला आहे आणि दिवा मंद ठेवला आहे. पाहणाऱ्याला हे ओकेबोके वाटते. परंतु प्रवाळाची वाळू आणि जिवंत दगड (सूक्ष्म जीव वसलेले प्रवाळाचे दगड) हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते पाण्यातले तांबे, म्हणजे या टाकीतले मुख्य औषध, शोषून घेतात, त्यामुळे सकाळी टाकलेली मात्रा संध्याकाळी मीटरवर कमी दिसते. शिवाय एकदा तांबे लागलेला दगड पुन्हा शिंपले, कोळंबी किंवा प्रवाळ असलेल्या मुख्य टाकीत नेता येत नाही, कारण या अपृष्ठवंशी जिवांना अत्यल्प तांबेही मारक ठरते.

पातळी टिकवण्यावर मी इतका भर का देते, हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा क्रम समजला की स्पष्ट होते. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत शिरून साधारण ३ ते ७ दिवस पोसला जातो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा टप्पा. मग तो माशावरून गळतो, तळाशी किंवा काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्या कवचात विभागत राहतो. काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, त्यातून शेकडो सूक्ष्म जीव बाहेर पडून नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. तांबे मारते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. त्वचेखालचा आणि कवचातला परजीवी त्याच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून कवच फुटेल त्या क्षणी पाण्यात पुरेसे तांबे हवे, आणि तो क्षण कोणता हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे ते प्रत्येक क्षणी हवे.

हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग हा मासा या रोगाला लवकर बळी पडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. माझ्याकडे आलेल्या टँगच्या परांवर थोड्याच दिवसांत साखर भुरभुरल्यासारखे ठिपके दिसू लागले. मी तांब्याची मात्रा टप्प्याटप्प्याने चढवली आणि ठिपके आठवड्याच्या आत नाहीसे झाले. ज्या विक्रेत्याकडून मासा आणला होता त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ताई, ठिपके गेले ना, मग मासा बरा झाला. सोडा मोठ्या टाकीत." हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मुख्य टाक्या बहुधा त्यामुळेच पुन्हा पुन्हा आजारी पडतात. ठिपके जाणे म्हणजे परजीवी माशावरून उतरणे, एवढाच त्याचा अर्थ. मी पूर्ण ३० दिवस पातळी राखली. तांब्यात माशाची भूक मंदावते आणि टँगच्या बाबतीत ते ठळकपणे दिसले. म्हणून थोडी नोरी (वाळवलेले समुद्री शैवाल) दिवसातून अनेकदा क्लिपला लावून देणे आणि उरलेली लगेच काढून घेणे हा क्रम ठेवावा लागला.

आता मोजमापाविषयी. बाजारात तांब्याची औषधे एकाहून अधिक प्रकारची मिळतात आणि त्यांचे आकडे एकमेकांना लावणे धोक्याचे आहे. सीकेम कंपनीचे क्युप्रामाइन हे अमाइनयुक्त तांबे असून त्याची पूर्ण मात्रा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि तीही ४८ तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत गाठायची असते. कॉपर पॉवरसारख्या किलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या, तांब्याची उपचारमात्रा २ ते २.५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) घरात असते. किलेटेड औषधाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून कुणी अमाइनयुक्त औषध घातले, तर मासे वाचणे कठीण. मी किलेटेड तांबे वापरते, कारण ते पाण्यात अधिक स्थिर राहते.

रंग जुळवून पाहायच्या किटवर मी विसंबून राहणार नाही. २ आणि २.५ मधला फरक घरातल्या पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि इथे तर सारा उपचार त्याच फरकावर उभा आहे. हॅना कंपनीचा उच्च पल्ल्याचा कॉपर कलरीमीटर (पाण्यातले तांबे मोजणारा मीटर) शून्य ते ५ पीपीएम मोजतो आणि आकडा थेट पडद्यावर दाखवतो. या संपूर्ण मांडणीत सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचारले तर मी या मीटरचे नाव घेईन. त्याची अडचण एकच: पाण्याच्या नमुन्यात मिसळायच्या रसायनाच्या पुड्या संपल्या की त्या बडोद्यात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवाव्या लागतात, म्हणून अर्धा डबा उरला असतानाच मी पुढची मागणी नोंदवते. काचेच्या कुपीवर बोटांचे ठसे राहिले तर आकडा चुकतो, तेव्हा ती प्रत्येक वेळी मऊ कापडाने पुसावी.

बडोद्याचा उन्हाळा या कामाची कसोटी पाहतो. मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बंद खोलीतली टाकी सहज ३१-३२ अंशांवर पोहोचते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ल्यांना आधीच इजा झालेल्या माशाला नेमका तोच अधिक हवा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र ही थंडाई बाष्पीभवनातून येते. पाणी उडते, मीठ आणि तांबे मागेच राहतात. १०० लिटरमधले १० लिटर उडाले तर २.३ पीपीएम तांबे सुमारे २.५५ होते आणि ३५ ची लवणता ३९ च्या जवळ जाते. त्यामुळे काचेवर पट्टी चिकटवून पाण्याची रेघ आखून घ्यावी आणि रोज त्या रेघेपर्यंत केवळ आरओचे गोडे पाणी भरावे. उलट, पाणी बदलताना नव्या खाऱ्या पाण्यात आधीच तेवढे तांबे मिसळलेले असले पाहिजे. २.३ पीपीएमच्या टाकीतून २५ लिटर काढून तितकेच बिनतांब्याचे पाणी भरले तर आकडा १.७ च्या आसपास येतो आणि पातळी तुटते.

पावसाळ्यात हाच पंखा जवळजवळ निरुपयोगी होतो, कारण दमट हवेत पाणी फारसे उडत नाही. त्या दिवसांत खोलीचा एसी चालवणे किंवा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे हे दोनच मार्ग उरतात. मी एसीवर निभावले. परंतु ज्यांना वारंवार मासे आणायचे आहेत त्यांनी चिलरचा विचार गंभीरपणे करावा.

तांब्याइतकेच लक्ष अमोनियाकडे हवे. नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात, आणि उघड्या तळाच्या टाकीत त्यांना राहायला दुसरी जागाही नसते. एक जादा स्पंज मुख्य टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळण्याच्या जोडटाकीत) कायम ठेवला तर गरजेच्या वेळी तो तयार मिळतो. मात्र मुख्य टाकीतच रोग शिरला असेल तर तो स्पंज नव्या, निरोगी माशासाठी वापरू नये. काचेला आतून चिकटवायची अमोनिया दर्शवणारी चकती मी सतत लावून ठेवते. ती फक्त मुक्त, म्हणजे विषारी अमोनिया दाखवते आणि एका नजरेत कळते. अमोनिया वाढला की पाणी बदलणे हाच उपाय. अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणे अमाइनयुक्त तांब्याबरोबर कधीही घालू नयेत. त्यामुळे तांब्याचे रूप बदलून ते माशाला अधिक विषारी होते.

ठिपक्यांवर तांबे चालते म्हणून प्रत्येक आजारावर ते ओतण्याची सवय मात्र घातक आहे. अंगावर ठिपक्यांऐवजी बारीक सोनेरी धूळ, जलद श्वास, प्रकाश टाळणे आणि पंपाच्या धारेत तोंड करून उभे राहणे अशी लक्षणे असतील तर तो वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम, असण्याचा संभव मोठा. तिथे तांबे चालते, पण हाताशी वेळ अत्यंत थोडा असतो आणि एकदोन दिवसांत मासा जाऊ शकतो. क्लाउनफिशच्या अंगावर बुळबुळीत पांढरा थर सुटू लागला तर ब्रुकलिनेला हा परजीवी समजावा. त्यावर तांब्याचा उपयोग होत नाही; तिथे फॉर्मेलिन लागते, आणि ते हाताळताना हातमोजे, मोकळी हवा आणि पाण्यात जोरदार हवेचा पुरवठा अनिवार्य आहे. मासा अंग घासत असेल, डोळे धूसर दिसत असतील, तर चपट्या कृमींची शंका घ्यावी. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटे ठेवला की कृमी पांढरट होऊन भांड्याच्या तळाशी पडलेले दिसतात आणि निदान पक्के होते. पुढचा इलाज प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक, आणि अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने आठवड्याभराने दुसरी मात्रा आवश्यक.

क्लाउनफिश घ्यायचेच असतील तर पैदास केंद्रातले घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे, आणि अशा पिलांना समुद्रातून पकडल्याचा ताण सोसावा लागलेला नसतो.

बडोद्यात मासा येतो तोच लांबचा प्रवास करून. पिशवीतल्या बंद पाण्यात अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली राहिल्याने तो फारसा विषारी ठरत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून विक्रेत्याला आधीच लवणता विचारून क्वारंटाइन टाकी त्या आकड्यावर आणून ठेवावी, पिशवी बंद असतानाच तापमान जुळवावे आणि उघडल्यावर विलंब न करता मासा टाकीत सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये.

औषधाशिवायही मार्ग आहेत. ठिपक्यांच्या रोगात दर ७२ तासांनी मासा आधी निर्जंतुक करून पूर्ण वाळवलेल्या व नवे पाणी भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवत १२ दिवस काढले, तर गळलेला परजीवी प्रत्येक वेळी मागेच राहतो. पद्धत उत्तम आहे, पण दर वेळी नवे खारे पाणी लागते. आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे गाळाने भरलेले खंभातचे आखात, त्यामुळे सारे पाणी विकतच्या मिठाचेच. पाण्याचा खारटपणा कमी करून विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याची पद्धतही ठिपक्यांवर चालते. तिला अचूक रिफ्रॅक्टोमीटर (लवणता मोजायचे उपकरण) हवा, आणि वेल्व्हेटवर तिचा भरवसा धरू नये.

विजेविषयी एक सूचना. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या अनेक भागांत वीज दीर्घकाळ बंद होती. स्पंज फिल्टर हवेवर चालतो, म्हणून बॅटरीचा एअर पंप जोडला की गाळणे आणि प्राणवायू दोन्ही चालू राहतात. याच कारणासाठी मी मोटरचा मोठा फिल्टर घेतला नाही आणि आजही घेणार नाही.

मुख्य टाकीत रोग झाला असेल तर तिथे ७६ दिवस एकही मासा ठेवू नये. प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी तशाच राहू शकतात. दोन्ही टाक्यांची जाळी, सायफन आणि बादल्या वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात आणि टाक्या शक्यतो वेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात, कारण वेल्व्हेटचे बीजाणू पाण्याच्या तुषारांबरोबरही जाऊ शकतात. उपचार संपल्यावर तांब्याचे पाणी मी सक्रिय कोळशातून फिरवते, मीटरवर आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करते आणि मगच घरातल्या सांडपाण्याच्या नळीत सोडते. कुंड्यांत किंवा पावसाळी गटारात ते कधीही ओतू नये. ती गटारे नदीकडे जातात. त्यानंतर टाकी, पाइप आणि स्पंज ब्लीचच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन, उन्हात कडकडीत वाळवले की पुढच्या माशासाठी टाकी तयार होते.