हातातला डायनॅमोमीटर की पट्ट्याचा? दोन्ही वापरल्यावर काय वाटलं

गेल्या महिन्याभरात तिघांनी हेच विचारलं, दोघं नवीन फिजिओ आणि एक कबड्डीचे कोच, की सर ताकद मोजायला नेमकं काय घ्यायचं, हातात धरून दाबायचा तो डायनॅमोमीटर का पट्ट्याला अडकवून ओढायचा तो. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझं जुळे सोलापुरात छोटं क्लिनिक आहे, येणारी पोरं जास्त करून कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटची, त्यामुळं अनुभव तेवढ्यापुरताच धरा.

आयसोकायनेटिक मशीनचं, म्हणजे सांधा ठरावीक वेगानं फिरवत ताकद मोजणाऱ्या मोठ्या मशीनचं, इथं बोलत नाही. ते हाताशी असेल तर प्रश्नच मिटला, पण त्यासाठी पोराला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला पाठवायचं, अडीचशे किलोमीटर जायचं तेवढंच यायचं, हे एकदा जमतं, दर महिन्याला नाही जमत. आणि रिहॅबमध्ये, म्हणजे दुखापतीनंतर पोराला परत उभं करताना, आकडा दर महिन्याला लागतो.

पहिली तीन वर्षं मी हातातलाच वापरला आणि त्याला उगाच नावं ठेवणार नाही. खिशात मावतो, पार्क स्टेडियमवर नेऊन कट्ट्यावर बसून दहा पोरांचे खांदे तासाभरात तपासून होतात. बॉलरचा खांदा आत-बाहेर फिरवायची ताकद, मांडीच्या आतल्या बाजूचा जोर, लहान पोरांचा घोटा, इथं आजही मी तोच काढतो कारण या स्नायूंचा जोर माझ्या हाताला पेलतो. अडचण गुडघ्याला आली, मांडीच्या पुढच्या स्नायूला.

त्याचं असं झालं. एक रेडर होता, वजन ७० किलो, एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन सात महिने झालेले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्याची स्पर्धा होती, घरचे रोज विचारत होते की डॉक्टर खेळू द्यायचा का. खुर्चीवर बसवला, गुडघा ९० अंशात, मी समोर बसून घोट्याच्या वर मशीन धरलं आणि त्याला पाय सरळ करायला जोर लाव म्हटलं. चांगला पाय ३९ किलो, ऑपरेशनचा ३८. म्हणजे ९७ टक्के, आपण तर ९० ला पास म्हणतो. मी त्याच्या वडलांना सांगूनही टाकलं की बहुतेक हरकत नाही.

आता बघा काय झालं होतं. दोन्ही वेळेला माझा हात मागं सरकत होता, मला ते जाणवत होतं, पण स्क्रीनवर आकडा दिसला की आपण आकड्यावर विश्वास ठेवतो. त्या ३८-३९ मध्ये पोराची ताकद नव्हतीच, माझी होती. माझा हात जेवढा रोखू शकतो तेवढंच मशीन दाखवतं, मग समोरचा पाय ४१ चा असो का ५८ चा, दोन्ही माझ्या ३९ वर येऊन थांबतात आणि कमजोर पाय चांगल्या पायाइतका दिसतो. चूक झाली तर ती कायम पोराला लवकर मैदानात पाठवायच्या बाजूनं होते, मला हेच सगळ्यात जास्त टोचलं. पोरगं जितकं दणकट तितकी चूक मोठी, आणि कबड्डीवाले सगळे दणकटच.

आठवड्यानं एका ओळखीच्या फिजिओकडनं ओढायचा, म्हणजे लटकत्या वजनकाट्यासारखा दोन्ही टोकाला कडी असलेला डायनॅमोमीटर उसना आणला, तोच पोरगा, तीच खुर्ची, फक्त माझ्या हाताच्या जागी पाठीमागच्या भिंतीतला हूक आणि तिथून घोट्यापर्यंत पट्टा. चांगला पाय ५८, ऑपरेशनचा ४१. म्हणजे ७१ टक्के. मी दोनदा तपासलं, २० किलोची जिमची प्लेट लटकवून काटा पण बघितला, बरोबर होता.

त्याच्या घरी जाऊन शब्द मागं घेताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. वडील काही बोलले नाहीत, पोरगं मात्र रडलं. पण ऑस्लोमध्ये झालेला २०१६ सालचा अभ्यास मला माहीत होता, त्यात ९ महिन्यांपर्यंत मैदानावर परत जाणं जितके महिने लांबवलं तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा दर साधारण निम्म्यानं कमी दिसला होता, आणि मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी होईपर्यंत थांबणाऱ्यांचे गुडघे पण जास्त टिकले होते. सात महिने आणि ७१ टक्के, दोन्ही बाजूनं नाहीच म्हणायला लागत होतं.

म्हणून गुडघा असेल तर माझा कल पट्ट्याकडं आहे, हे लपवत नाही. तुमचं शरीर माझ्यापेक्षा दुप्पट असेल, तुमच्याकडं येणारी बहुतेक शाळकरी पोरं असतील, तर हातातल्यावर तुमचं भागेलही. पण तुमच्या नंतर क्लिनिकमध्ये कुणी बारीक अंगाची मुलगी फिजिओ म्हणून आली तर तिचा आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाही, आणि मग चार महिन्यांचा आलेख कशाचा, पोराचा का मोजणाऱ्याचा?

पट्ट्याला पण त्रास आहेत, ते आधीच सांगतो म्हणजे नंतर चिडणार नाही. मांडायला वेळ जातो, एका पोराला दहा मिनिटं धरा. माझं टेबल फरशीवर सरकायचं, पोरानं जोर लावला की टेबलासकट मागं भिंतीकडं, म्हणून टेबलाचे पाय भिंतीला टेकवून ठेवले. हूक फॅब्रिकेशनवाल्याकडनं बसवून घ्या, पंख्याच्या हुकासारखा घट्ट, प्लास्टरमधला नको. पट्टा ताणणारा नको, ट्रकवाले ताडपत्री आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा मला सगळ्यात चांगला वाटला, ढिला पट्टा असेल तर गुडघा ९० चा ६० वर जातो आणि आकडाच बदलतो. नडगीवर पट्टा रुततो, पोरगं दुखतंय म्हणून पूर्ण जोर लावत नाही, तिथं मी सोलापुरी टॉवेलची चार पदरी घट्ट घडी घालतो. पट्टा नडगीला काटकोनात ओढला गेला पाहिजे, हूक उंच-खाली झाला तर जोर वाया जातो.

अजून एक, भंगारवाल्याकडं असतो तसला स्वस्त लटकता काटा घ्यायचा मोह होईल, मला पण झाला होता. तो वजन स्थिर झाल्यावर आकडा दाखवायला बनवलाय, पोराचा जोर मात्र सेकंदभर वर जाऊन खाली येतो. पीक होल्ड, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायची सोय, आहे का एवढं बघूनच घ्या.

मोजताना मी एक प्रयत्न सरावाचा देतो, मग पाच-पाच सेकंदांचे तीन, मध्ये मिनिटभर आराम, आणि ओरडून जोर द्यायचा तर सगळ्यांना सारखाच द्यायचा. नुसत्या टक्क्यांवर पण थांबू नका, कारण सात महिने घरी बसल्यावर चांगला पाय पण वाळतो आणि मग टक्केवारी आपोआप सुंदर दिसते. त्या रेडरचं गणित असं होतं: ४१ किलो गुणिले ९.८१, गुणिले गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर ०.३६ मीटर, म्हणजे जवळपास १४५ न्यूटन-मीटर, त्याला पोराच्या ७० किलो वजनानं भागलं की २.०७. चांगल्या पायाचं २.९३ येतं. मी साधारण ३ च्या आसपास बघतो, त्यामुळं त्याचा चांगला पाय खरंच चांगला आहे हे पण त्यातून कळलं.

वेगाबद्दल पण तिघांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. स्टॉपवॉचचा त्रास तोच, अंगठा मोजणाऱ्याचा. १०० मीटरला हाताची वेळ इलेक्ट्रॉनिकशी जुळवताना ०.२४ सेकंद वाढवतात, तेवढा फरक आपल्याला लागणाऱ्या १० मीटरमध्ये आला तर सगळी प्रगती त्यातच बुडून जाते. लाइटचे गेट, म्हणजे पळणाऱ्यानं किरण तोडला की वेळ नोंदवणारे, चांगले आहेत, तीस पोरांची टीम असेल तर तेच घ्या, पण एकाच किरणाचा गेट छातीच्या आधी हातानं तुटतो, आणि आमच्याकडं मैदानावर वारा सुटला की स्टँड कलंडतात. मी फोनवर स्लो मोशन घेतो, २४० फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ०.००४ सेकंदाची. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारला फोन तापून कॅमेरा बंद पडतो, म्हणून सकाळी सातच्या आत उरकतो.

फोन ५ मीटरच्या खुणेसमोर, पळायच्या रेषेपासून १० मीटर लांब ठेवायचा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या काठ्या रेषेच्या १ मीटर अलीकडं, फोनच्या बाजूला, रोवायच्या असतील तर ० आणि १० वर नाही रोवायच्या, नजर तिरकी जाते म्हणून ०.५ आणि ९.५ वर. पोराची कंबर काठीमागनं गेली ती फ्रेम धरायची. खो-खोच्या पोरांना ३० मीटर पळवून मला फारसं काही हाती लागलं नाही, त्यांना एवढं सरळ पळायची वेळच येत नाही, पहिल्या ५ मीटरमध्ये काय होतं तेच त्यांच्या कामाचं.

रेडर मार्चमध्ये परत आला तेव्हा ५९ आणि ५२ होतं, ८८ टक्के. दोनच टक्के कमी म्हणून घरचे परत विचारायला लागले. आम्ही अजून तीन आठवडे थांबलो.