रीपर हे गाणी कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, सात महिने वापरल्यावर (आणि दोन गाण्यांच्या मधला खड्डा)

आधीच सांगतो, मी डीजे नाही. हळद, वास्तू, सोसायटीचा गणपती, काही असलं की "तू लावून दे ना बे मिक्स" म्हणून मलाच पकडतात, तेही फुकटात. त्यामुळे सॉफ्टवेअरसाठी माझा हात खिशात सहजी जात नाही.

मे महिन्यात मावसबहिणीची हळद होती, मानेवाड्याकडच्या एका लॉनवर. तेव्हा मी महिन्याच्या भाड्यानं मिळणारं एक सॉफ्टवेअर वापरत होतो, नाव घेत नाही. डान्सचा सात मिनिटांचा मिक्स तयार होता, पोट्ट्यांना फक्त शेवटचं कडवं कापून पाहिजे होतं. लॅपटॉप उघडला तर म्हणते परत लॉगिन करा. लॉनवर रेंजची एक कांडी, हॉटस्पॉट लागते अन् तुटते, आणि मी कूलरसमोर बसून ते गोल फिरणारं चक्र पाहतोय. फाईल माझी, लॅपटॉप माझा, तुले लॉगिन कायले पाहिजे बाप्पा? शेवटी फोनवरून मूळ गाणं लावलं, मधलं म्युझिक आलं की पोट्टे नुसते उभे.

दुसऱ्या दिवशी रीपर टाकलं. डाउनलोड 20 एमबीच्या आत, 60 दिवस सगळं उघडं, लॉगिन नाही. त्याआधी तीन एक्सवालं मिक्स (Mixxx) हे डीजेचं सॉफ्टवेअरही वापरून झालं होतं, ते फुकट आहे आणि दोन डेकवर, म्हणजे स्क्रीनवरच्या दोन प्लेअरवर, लाइव्ह वाजवायला मस्तच, पण रेकॉर्ड करताना 38व्या मिनिटाला हात चुकला की ते पुन्हा करत बसा. घरी बसून मिक्स बनवणाऱ्याला डेक नको, टाइमलाइन पाहिजे, म्हणजे गाणी मांडून मागेपुढे सरकवायची पट्टी, हे कळायलाच मला दोन वर्षं लागली.

आता खड्डा. एक गाणं सरळ रेषेत खाली आणलं अन् दुसरं तसंच वर नेलं की बरोबर मध्ये आवाज साधारण 3 डेसिबलनं बसतो. ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण नाचणाऱ्याचे पाय ढिले पडतात. रीपरमध्ये एक गाणं दुसऱ्यावर सरकवलं की क्रॉसफेड (एक उतरतं, दुसरं चढतं तो सांधा) आपोआप पडतो आणि त्याचा आकार बदलता येतो, फुगीर वक्र घेतला की खड्डा भरतो. मी एकेका सांध्यावर वीस-वीस मिनिटं घालवली आहेत, बायको म्हणते तुला सांधेदुखी झाली. वर दोन्ही गाण्यांचे बेस एकत्र आले की चिखल होतो, मग जाणाऱ्या गाण्याचा खालचा, बेसचा भाग रीईक्यूनं (रीपरमधला इक्वलायझर) कापायचा.

इथे एक कबुली. ऑडॅसिटी या दुसऱ्या ऑडिओ सॉफ्टवेअरला मी या खड्ड्यापायी सगळ्यांसमोर नावं ठेवली होती. ती मागे घेतो. त्यातल्या क्रॉसफेड ट्रॅक्समध्ये कॉन्स्टंट पॉवर हा मधला खड्डा भरणारा पर्याय होताच, मी मेनू उघडून पाहिला नव्हता. ज्याला वर्षातून दोन मिक्स करायचे त्यानं तेच घ्यावं, फुकट आहे.

रीपरचा त्रास म्हणजे मेनूत मेनू, त्यात मेनू, पहिला आठवडा डोकं फिरते. आणि जुन्या ढोलकीच्या गाण्यांचा ठेका हातानं वाजवलेला, तो कुठे 98 तर कुठे 101, तिथे एकच बीपीएम (मिनिटाला ठोके) टाकून भागत नाही. शिफ्ट डब्ल्यू दाबून प्रत्येक ठेक्यावर स्ट्रेच मार्कर, म्हणजे तिथून गाणं ताणायची-आवळायची खूण, लावत बसावं लागते. एका गाण्याला अख्खा रविवार गेला, तर्री पोहे टेबलावरच थंड झाले.

एक्स्पोर्ट डब्ल्यूएव्हीमध्येच करा, मिनिटाला 10 एमबी जातात तर जाऊ द्या. एमपी3 सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटवते, तुकडे जोडले की तिथे अडखळतं.

60 दिवसांनंतरही रीपर बंद पडत नाही, नुसती पैशाची आठवण करून देते. मी तीन महिने ते निर्लज्जासारखं पाहिलं, मग मलाच कसंतरी झालं. घरगुती लायसन्स 60 डॉलर, म्हणजे पाच हजाराच्या वर, पण एकदाच. जुन्या सॉफ्टवेअरच्या भाड्यात ते वर्षाच्या आत निघालं असतं. आणि तुमचंही तसलं भाड्याचं काही चालू असेल तर ऑटोपे आधी बंद करा, मी जूनमध्ये विसरलो अन् न वापरता अजून एक महिना कापला गेला.